दुइल्योकाकांची किल्ली

इटलीतल्या आमच्या पोंतेदेरात जन्माला येऊन ज्याला इथलीच व्हेस्पा स्कूटर चालवता येत नाही, त्याच्या तब्येतीची लोक चौकशी करतात. माझ्या केशकर्तनालयाशेजारचे दुइल्योकाका तर हयातभर कारखान्यात तिलाच चाकं बसवत होते. पण अलीकडे त्यांच्या डोक्याचा भरवसा राहिला नव्हता. चष्मा फ्रीजमध्ये, मीठ कॉफीत. मुलगी मारुस्का, तीही आता साठीला आलेली, तिनं बजावलं होतं, "बाबा, आणखी एक घोटाळा केलात की किल्ली माझ्याकडे."

तो घोटाळा स्कूटरींच्या आशीर्वादाच्या रविवारी झाला. चर्चसमोर रांगेनं लावलेल्या गाड्यांवर पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, आम्ही कॉफी प्यायलो, बाहेर येऊन बघतो तर काका पसार! त्यांची फिकट हिरवी व्हेस्पा मात्र जागेवरच. गेली होती ती तशीच हिरवी, आमच्या हाडवैरी लिव्होर्नो गावच्या एका दंतवैद्याची. जुन्या व्हेस्पांच्या किल्ल्या एकमेकींना लागतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

"लिव्होर्नोवाल्याची घेतली? त्यापेक्षा सैतानाची घ्यायची!" मी म्हणालो. मारुस्का हसली नाही.

काका चौकाला चक्कर मारून परत आले. दंतवैद्य अंगावरच धावून गेला.

"ओरडता काय? माझीच आहे," काका म्हणाले. "पत्र्याला नीवेसच्या टाचेचा पोचा आहे, बघा."

नीवेस म्हणजे त्यांची बायको, मारुस्काची आई. आम्ही वाकून पाहिलं. पोचा होता.

"मी घेतली तेव्हापासूनचा आहे तो," दंतवैद्य गोंधळून म्हणाला.

"आईनं एक गाडी विकायला लावली होती खरी," मारुस्का पुटपुटली. "माझ्या जन्मानंतर."

आता चुकलं कोण, तेच कुणाला कळेना. मला तर आनंदच झाला. म्हातारा विसरला नव्हता, त्यानं ओळखलं होतं! दंतवैद्य वरमून म्हणाला, "काका, आणखी एक फेरी मारा." मारुस्काचा चेहरा उजळला. ती टुणकन मागे बसली, दोन्हीकडे पाय टाकून.

काकांनी मागे वळून बघितलं. "अशी काय बसतेस नीवेस? पाय एका बाजूला घे. पोर आहे पोटात."

मारुस्का जीन्समध्ये होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे. मग तिनं दोन्ही पाय एका बाजूला घेतले आणि त्यांची कंबर धरली.

फेरी संपल्यावर काकांनी आपण होऊन किल्ली तिच्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडे," ते म्हणाले. "पोरगी झाली की परत दे."