वीसच्या आत बसणारं नाव

आमच्या कारखान्यात टॉवेलच्या काठावर नाव विणून देतात. छापून नाही, विणून. जत्रेत कुस्ती जिंकणाऱ्याच्या खांद्यावर टॉवेल टाकायची पद्धत आमच्याकडच्या गावांत आहे. त्यावर देणाऱ्या गावाचं नाव विणलेलं असेल तर पैलवान तो अंग पुसायला काढत नाही, घरात खुंटीला लावतो. त्यामुळे जत्रांच्या आधी नावाच्या ऑर्डरी येतात आणि त्या मी घेते. पूर्वी कागदावर घेत होते. गेल्या वर्षी मालकांनी त्यासाठी कॉम्प्युटरचा प्रोग्राम आणला.

मंद्रूपची ऑर्डर मीच टाइप केली होती: 'समस्त ग्रामस्थ मंद्रूप'. नमुना विणून आला तेव्हा तिथल्या जत्रा समितीचे आजोबा माझ्यासमोर बसले होते. त्यांनी काठ बोटांत धरून डोळ्यांजवळ नेला.

"बाई, आमच्या गावाचं शेपूट कुनी तोडलं?"

काठावर 'समस्त ग्रामस्थ मंद्र' एवढंच होतं.

"हे मंद्र कुटं आलं म्हनायचं? आमाला बी दावा की, जाऊ एकदा बघायला." बरोबरचा माणूस हसला. आजोबा हसले नाहीत. "गावाचं नाव पुरं पायजे. न्हायतर आमी दुसरीकडं जातो."

मी प्रोग्राम उघडून पाहिला. नावाला वीस अक्षरांची मर्यादा होती आणि त्यापुढचं तो न विचारता कापत होता. मी बोटांवर मोजलं. स, म, स्त. ग्रा, म, स्थ. मं, द्रू, प. नऊ झाली, मधल्या दोन मोकळ्या जागा धरून अकरा. मग कापलं कशाला?

प्रोग्राम बनवणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, मराठी नावांचा असा घोळ होतोच, इंग्रजीत टाका. मालकांना हे फारच सोयीचं वाटलं.

"यापुढे सगळी नावं इंग्रजीत घेऊ. कटकट मिटली. मंद्रूपवाल्यांना तुम्ही कळवा."

"मी नाही कळवणार."

"म्हणजे?"

"नाव त्यांचं आहे. ते कसं लिहायचं हे आपला प्रोग्राम कोण ठरवणार? मला शनिवारपर्यंत वेळ द्या."

"दिला. नाही जमलं तर इंग्रजी, आणि मग माझ्याशी भांडायचं नाही."

मी तेव्हा संध्याकाळी प्रोग्रामिंगच्या क्लासला जात होते. वर्गात सगळी माझ्या मुलीच्या वयाची. त्याच आठवड्यात सरांनी मजकुराची लांबी मोजायला शिकवलं होतं. तुम्ही शब्द द्यायचा, कॉम्प्युटर आकडा देतो. बाकीच्यांनी स्वतःची नावं इंग्रजीत मोजली. मी मंद्रूपची ओळ टाकली. उत्तर आलं बावीस.

"चूक आहे," मी म्हणाले.

"नाही मॅडम, बरोबर आहे." सर तरुण होते, पण घाई करत नसत. त्यांनी फळ्यावर 'मंद्रूप' लिहून सोडवून दाखवलं. म, अनुस्वार, द, पाय मोडल्याची खूण, र, ऊकार, प. "तुम्हाला तीन अक्षरं दिसतात. कॉम्प्युटरकडे ही सात वेगळी चिन्हं आहेत. साठवायला सात, वाचायला तीन."

"आणि विणायला?"

"ते तुम्ही सांगा. मी टॉवेल विणत नाही."

मागच्या बाकावरून आवाज आला, "काकू, इंग्रजीत टाका ना. परीक्षेत तेवढंच येतं."

"परीक्षा तुला आहे. मला जत्रा आहे."

मग मी मोजणी स्वतः लिहायला घेतली. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूण सोडून द्यायची, बाकीचं मोजायचं. उत्तर आलं पंधरा. जोडाक्षरं दोनदा मोजली जात होती. 'स्त'मधला स वेगळा, त वेगळा. म्हणून पाय मोडल्याची खूण दिसली की तिच्या पुढचं अक्षरही सोडायला सांगितलं. अकरा आले. सरांनी दोन-तीन जोडाक्षरांची गावं टाकून पाहिली आणि मान डोलावली.

पण अकरा काठावर मावतात का, हे कॉम्प्युटरला विचारून उपयोग नव्हता. ते मला आमच्या डिझायनरने सांगितलं. मागावर जाणारी अक्षरं तोच काढतो. घरी तेलुगू बोलतो, मला अक्का म्हणतो.

"अक्का, तुमचे अकरा आरामात बसतात. उकार खाली जातो, अनुस्वार वर जातो, बाजूची जागा कुठं खातात? पण मराठीची वीस मागू नका. इंग्रजीपेक्षा रुंद असतात. चौदाच्या वर घ्याल तर मी काढणार नाही."

म्हणजे वीसचा आकडा मराठीच्या कामाचा नव्हताच. मी चौदा लिहिला.

शनिवारी नवा नमुना मालकांच्या टेबलावर ठेवला. नाव पूर्ण होतं आणि दोन्ही बाजूंना जागाही उरली होती.

"हे एकाचं झालं," ते म्हणाले. "रोज कोण बघणार?"

"मी. नाव आधी माझ्या मोजणीतून जाईल. चौदाच्या आत असेल तर सरळ डिझायनरकडे. जास्त भरलं तर ऑर्डर थांबेल आणि मी गिऱ्हाइकाला फोन करेन. कापायचं मात्र काहीच नाही."

"आणि चुकलं तर?"

"मला बोला. गावाला इंग्रजी लिहायला लावू नका."

त्यांनी टॉवेल उलटा केला, सुलटा केला. "मंद्रूपचा माल लावा मागावर. पण इंग्रजीचं मी मागे घेतलेलं नाही."

"नका घेऊ. मी ते पाळणार नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवते."

सोमवारी माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर सूचना लागली: नावे शक्यतो इंग्रजीत द्यावीत. ती मी काढली नाही. गिऱ्हाईक तिच्याकडे बघून विचारतं, "इंग्रजीतच द्यायचं का हो बाई?" मी कीबोर्ड पुढे ओढते आणि म्हणते, "तुमच्या गावाच्या वेशीवर जसं लिहिलंय तसं सांगा."