रिकाम्या खोलीचं दार

शैलाकाकू रिकाम्या खोलीत शिरतानाही दार वाजवायच्या. दोनदा टकटक, मग जरा थांबून आत. इंग्लंडात मिल्टन कीन्सपासून अर्ध्या तासावर एका लॉर्डची जुनी हवेली आहे, तिथे त्या शनिवार-रविवारी स्वयंसेवक म्हणून उभ्या असत. साडी, वर करडा कार्डिगन, गळ्यात नावाचा बिल्ला. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा ओसाड दिवाणखान्याचं दार ठोठावणारी ही बाई बघून मैत्रिणीला मराठीत म्हटलं, "कोणाला हाका मारतायत या?" काकूंनी ऐकलं. "घराला," त्या शांतपणे म्हणाल्या. "न विचारता आत गेलेलं त्याला आवडत नाही."

काकूंचे यजमान तिथल्याच एका गावात जीपी, म्हणजे गावचे डॉक्टर, होते. हवेलीच्या भोवताली अशी चार-पाच गावं: दगडी घरं, चर्च, एक पब आणि मनात आलं तर येणारी बस. यजमान गेल्यावरही काकू तिथेच एकट्या राहिल्या. मुलगा नितीन लंडनला, पिनरमध्ये माझ्याकडे ये म्हणून मागे लागलेला असे. "तिथे सगळे आपलेच. दिवसभर कोणीतरी चहाला," काकू नाक मुरडून म्हणत. मला मात्र त्या दर रविवारी चहाला बोलवायच्या आणि न विचारता दुसरा कप ओतायच्या.

ऑक्टोबरअखेर हवेली हिवाळ्यासाठी बंद होई ती मार्चपर्यंत. त्याला तिथले लोक घर झोपवणं म्हणत. खिडक्यांच्या आतली लाकडी दारं लावायची, घड्याळं थांबवायची, सामानावर पांढऱ्या चादरी घालायच्या. काकूंनी मलाही कामाला जुंपलं होतं. चादर ओढायची नाही, अलगद ठेवायची, आणि प्रत्येक खोलीत एक खुर्ची उघडी सोडायची. हा शेवटचा नियम काकूंचा स्वतःचा. तिथल्या मॅनेजरबाईंनी त्यापुढे कधीच हात टेकले होते. "परत येणाऱ्याला बसायला नको का गं?" काकू म्हणायच्या.

तिसऱ्या वर्षी त्यांनी एकही खुर्ची उघडी ठेवली नाही. मला वाटलं, विसरल्या असतील.

नोव्हेंबरात त्यांच्या घरी गेले. वरच्या खोल्यांत पलंग, कपाट, यजमानांचं टेबल, सगळ्यावर चादरी. जिन्यातलं घड्याळ बंद. अंधारात ते पांढरे आकार बघून मी खाली आले. खाली हीटरजवळ त्यांची एक खुर्ची तेवढी उघडी होती. काकूंनी चहा गाळता गाळता सांगितलं, पोटात गाठ आहे, हॉस्पिटलवाले डिसेंबरातच ऑपरेशन करा म्हणतायत, मी मार्चनंतरची डेट मागितली.

"नितीनला सांगितलंत?"

"सांगितलं की तो मला पिनरला नेणार. आणि एकदा गेले ना, की हे घर उघडायला मी काही परत येत नाही. मला माहितीये ते."

मी म्हटलं, काकू, असं अभद्र बोलू नका. त्या माझ्या कपात साखर घालून ढवळत राहिल्या.

त्याच संध्याकाळी मी नितीनला फोन केला. पुन्हा तशी वेळ आली तर आजही करीन. तो धावत आला, रडला, आणि काकू डिसेंबरच्या तारखेला तयार झाल्या. निघायच्या सकाळी मी मदतीला गेले तर त्या कोट घालून दाराशी उभ्या. हीटरजवळच्या खुर्चीवरही चादर होती. मी त्यांना बसायला सांगणार होते, पण कुठे बसवणार? त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसती किल्ली माझ्या हातात दिली.

"मार्चमध्ये तू उघड. दार वाजवून जा."

ऑपरेशन झालं. काकू पिनरला आठवडाभर राहिल्या आणि जानेवारीत तिथेच वारल्या.

मार्चमध्ये, हवेली उघडली त्याच आठवड्यात, नितीन आणि मी घर आवरायला गेलो. बाहेर ऊन होतं, पण पडदे ओढलेले, आतलं काही दिसत नव्हतं. किल्ली माझ्या हातात होती. मी दार वाजवलं.

"आत कोण नाही आहे," नितीन त्याच्या मोडक्या मराठीत हळूच म्हणाला. "तू नॉक का करते?"

"आईने सांगितलंय तुझ्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन दुसऱ्यांदा त्यानेच दार वाजवलं, आणि आम्ही दोघं पायपुसण्यावर थांबून राहिलो.