उतारावरचं कडक पेडल

मुलाच्या नव्या गाडीत ब्रेक पायाने लागत नाही, इलेक्ट्रॉनिक यंत्र लावतं. पायाला जो जोर जाणवतो तो एका स्प्रिंगचा, असं गॅरेजवाल्याने सांगितलं. गाडी उत्तम थांबते. तरी मी चालवायला बसलो की आधी पेडल दोनदा दाबून बघतो, आणि मुलगा हसतो. त्याला कारण कधी सांगितलं नाही. ते इथे लिहितो.

गोष्ट बहुधा शहाऐंशी सालची. मी सातवीतून शाळा सोडलेला. माणदेशातल्या माझ्या गावापासून मध्य प्रदेशातलं पांढुर्णा दोन दिवसांच्या वाटेवर. तिथल्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याने मला ड्रायव्हर म्हणून ठेवून घेतलं, ते कीव येऊनच, असं मी धरून चाललो होतो. त्यामुळे उपकारही वाटायचे आणि धास्तीही, की आज काढतात का उद्या. परत जायचं तर गावी खडी फोडायला. शेठनी नवा छोटा ट्रक घेतला तेव्हा सरळ सांगितलं, "उस्ताद हो म्हनले तं गाडी तुह्या हाती. नाई म्हनले तं माह्यापाशी दुसरं काम नाई, बाप्पा."

उस्ताद म्हणजे त्यांचे म्हातारे ड्रायव्हर. आयुष्य जुन्या ट्रकवर गेलेलं, नजर अधू झाली म्हणून आता शेजारी बसायचे. छिंदवाड्याहून संत्र्याच्या पेट्यांसाठी फळ्या आणायच्या, ही माझी परीक्षा.

नव्या गाडीचं पेडल फार हलकं. मला जुन्या ट्रकवर मांडीचा जोर लावायची सवय. जाताना जरा पाय दिला की गाडी गपकन थांबायची आणि उस्तादांचं कपाळ काचेकडे जायचं. मग मी भिऊन नुसता अंगठा टेकवू लागलो.

"काय करून राहिला बे? पेडल हाय का पायपुसनं?"

"सवय होतेय, उस्ताद."

"तुमच्या तिकडं सारं होतेयच. झालं काईच नाई."

परतताना गाडी भरलेली. सिल्लेवानीचा घाट लागला तसे उस्ताद म्हणाले, "बंद कर इंजिन. उतार हाय, डिझेल कायले जाळतं?" इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडायची, ही त्या रस्त्यावरच्या ड्रायव्हरांची रीतच होती. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. मी इंजिन बंद करायचा खटका ओढला.

पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याआधी पाय दिला तर पेडल वरच्या वर अडलं. लाकडाच्या ठोकळ्यावर पाय पडावा तसं. पुन्हा दाबलं, तर आणखी कडक. या गाडीत पायाच्या जोराला इंजिनाची मदत असते, आणि इंजिन बंद झालं की ती दोन-तीन दाबांपुरती उरते, हे आम्हा दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

"उस्ताद, ब्रेक लागत नाही!"

"जोर लाव, लेका!"

मी सीटवरून उठून दोन्ही पाय पेडलवर दिले. गाडी थोडी हळू झाली, पण पुरेशी नाही. तेव्हा डावा पाय काढून क्लचवर नेला, खटका आत ढकलला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. हिसका बसला, इंजिन सुरू झालं. काही क्षणांत पेडल पायाखाली पुन्हा दबू लागलं. गाडी वळणाच्या बाहेरच्या मुरमात थांबली. दरीची कड हातभर उरली होती.

सौंसरला चहाला थांबलो. मी मनात वाक्यं जुळवत होतो. शेठ माझ्यावर विश्वास ठेवणार का जन्मभराच्या माणसावर?

"शेठला काय सांगायचं, उस्ताद?"

"तू गाडी चालव. सांगाचं ते मी सांगीन."

पांढुर्ण्याला गोदामापुढे माणसं जमलेली होती. शेठनी विचारलं, "मंग, काय म्हनता?"

"घाटात इंजिन म्या बंद करायले लावलं," उस्ताद सगळ्यांदेखत म्हणाले. "ब्रेक गेला. गाडी यानं थांबवली. मले त्या पेडलातलं समजलं नाई. गाडी यालेच द्या."

शेठ मला म्हणाले, "चाबी तुह्यापाशीच ठेव."

मी उस्तादांच्या पाया पडायला वळलो, तर ते फळ्या उतरवणाऱ्यांवर ओरडत ट्रकमागे गेले होते. त्यानंतर ते माझ्या शेजारी कधी बसले नाहीत. गरज उरली नव्हती की मन उरलं नव्हतं, हे मी विचारलं नाही.