चिंचेखालच्या पिराचं आमंत्रण

आमच्या कोन गावात मालूबायशिवाय मांडवात हळद लागत नसे. ती धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी आणि विधी सांगणारी. भटजीचा मान नंतरचा, आधी मालूबाय. कुणी तिच्यापुढे माईक धरला की खेकसायची, "बंद कर तो भोंगा! देव काय बहिरं हायत?"

पहिला धवला आमंत्रणाचा. एकेका देवाचं नाव घेऊन त्याला लग्नाला बोलवायचं: गावदेवी, एकवीरा, खंडोबा आणि शेवटी चिंचेखालचा पीर. हा पीर आमच्या वेशीवरचा. त्याच्यापुढे दिवा लावायची फहमिदा, पनवेलात बांगड्यांचं दुकान असलेली मालूबायची जुनी मैत्रीण. गावातल्या नवऱ्यामुलींना चुडा तीच भरायची. यात काही विशेष आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

विशेष आहे हे आम्हाला मोबाइलने शिकवलं. गेल्या वर्षी एका लग्नात कुणी चॅनलवाला आला. त्याने मालूबायचा अख्खा धवला रेकॉर्ड केला आणि विचारलं, "आजी, पीर कशाला?" ती हसून म्हणाली, "नाय बोलवला तं रुसंल ना तो!" शेजारी बसलेल्या फहमिदासकट तेवढाच तुकडा गावोगाव फिरला. एकाने त्यावर लिहिलं, 'हिंदूंच्या मांडवात पीर कशाला?' दुसऱ्याने लिहिलं, 'हीच खरी एकता.' तिसरा म्हणाला, पिराला हळदीला बोलावणं म्हणजे दीन, इस्लाम धर्म, बुडवणं. हजारो माणसं खाली भांडत बसली. त्यांतल्या एकालाही कोन कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, पण मालूबाय नरकात जाणार हे मात्र पक्कं ठाऊक होतं. दोन्हीकडच्या नरकात! आठवलं की माझं अजून डोकं फिरतं.

नेमकं त्याच हंगामात तिच्या नातीचं, मनस्वीचं लग्न ठरलं. पोर पाळण्यात होती तेव्हापासून मालूबाय म्हणत आली होती, "इच्या हळदीला गाईन, मंग गला बंद झाला तरी चालंल."

मालूबायचा मुलगा, मनस्वीचा बाप प्रितम म्हणाला, "आये, उलव्याच्या नवऱ्याकडच्या पाव्हन्यांनी तो व्हिडिओ बघितलाय. पिराचं नाव नको घेऊ."

आता ही चवताळणार असं मला वाटलं. पण ती एवढंच म्हणाली, "बरं. पोरीसाठी नाय घेनार."

ते सांगायला ती फहमिदाच्या दुकानात गेली, सोबतीला मी, तिची शेजारीण, होते. फहमिदाने चुडा कागदात बांधून तिच्या हातात ठेवला. "मालूबाय, मी नाही येत भरायला. नावेद म्हणतो, अम्मी, पुन्हा व्हिडिओत दिसलीस तर मोहल्ल्यात राहणं मुश्किल होईल." नावेद तिचा मुलगा. दोघी म्हाताऱ्या हात हातात घेऊन रडल्या. दारात आलेलं गिऱ्हाईक तसंच माघारी गेलं.

हळदीला मालूबाय नवं लुगडं नेसून मांडवात बसली. घसा खाकरला. तेवढ्यात स्पीकरवर धवला सुरू झाला. तिचाच आवाज! प्रितमने चॅनलवरून तो उतरवून घेतला होता आणि पिराचं नाव कापून डीजेवाल्याला दिला होता.

"आये, सवयीनं तुझ्या तोंडातून निघालं असतं तं?" तो तिच्या कानाशी म्हणाला.

आईने शब्द दिला होता, आणि पोटच्या पोराचा तिच्यावर भरवसा नव्हता.

गावदेवी झाली, एकवीरा झाली, खंडोबा झाला. मालूबायचे ओठ त्या आवाजाबरोबर हलत होते. खंडोबानंतर आवाज टुणकन पुढे गेला. तिचे ओठ मात्र तिथेच थांबले. तिने नाव घेतलं नाही. पाटावर बसलेली मनस्वी आजीकडे बघून हुंदके देऊ लागली. लोकांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालूबाय मला घेऊन चिंचेखाली गेली. दिवा लागलेला नव्हता. फहमिदाचं येणं बंद झालं होतं. मालूबायने पदराची गाठ सोडून आमंत्रणाची सुपारी काढली, हळद लावून पिरापुढे ठेवली आणि डोकं टेकलं.

"रुसू नको रं बाबा," ती म्हणाली. "आवाज माजाच व्हता, पन मी नवते त्याच्यात."