खुर्चीला दिलेला चहा

माझी नोकरी काय, हे कुणाला पटकन सांगता येत नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीत बसून मी संगणकाला मराठी शिकवते. वाक्यात कोण देतं, काय देतं, कुणाला देतं, यावर खुणा करायच्या. आपण ‘खुर्ची बघ’ म्हणतो, पण ‘मुलीला बघ’. बघायचं ते माणूस असेल तर ‘ला’ हवाच, वस्तूला सहसा नको. आयुष्यभर बोललेली भाषा अशी चिमट्यात धरून बघायचा मला कंटाळाच येतो.

आईला विसर पडायला लागला म्हणून तिला पुण्याहून इथे आणलं. एका सकाळी ती म्हणाली, “त्या खुर्चीला बघ गं जरा, उपाशी आहे ती.” मी हसले. धंद्याची खोड, तो ‘ला’ कानाला खुपला. मग ती खुर्चीला चहा द्यायला लागली. कप पुढे धरायची, ऐकल्यासारखी मान हलवायची. माझ्याशी बोलणं मात्र बंदच झालं. एकदा मी दारात उभी असताना शेजारच्या कानडी अक्कांना म्हणाली, “हे मध्ये काय ठेवलंय? सरकवा की.”

“वय झालं हो,” अक्का मला म्हणाल्या. “स्वल्प धीर धरा, सरी होईल, सगळं ठीक होईल.”

मला खुर्चीचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? एका दुपारी मी खुर्चीच्या गादीवर हात ठेवला. गादी कोमट होती. तिथे ऊन येत नाही, आणि आई तर आत झोपली होती.

संक्रांतीला अक्का एळ्ळु-बेल्लाचं, म्हणजे त्यांच्याकडच्या तीळगुळाचं, ताट घेऊन आल्या. आईने त्यांना हळदीकुंकू लावलं, मला ओलांडून पुढे गेली आणि खुर्चीत बसलेल्या बाईचं कपाळ येईल तिथे, हवेत बोट टेकवलं. बोट मागे आलं तेव्हा त्यावर कुंकू नव्हतं. फरशीवरही कण दिसेना. अक्का चपला घालून निघून गेल्या.

मला राहवेना. मी सरळ खुर्चीत जाऊन बसले. “आई, मला लाव. मी आहे.”

तिने लावलं. किती महिन्यांनी तिचा हात माझ्या गालावरून फिरला. मला रडूच फुटलं.

मग ती वाकली आणि हळूच, अगदी आर्जवाने म्हणाली, “रोज येऊन बसतेस, चहा घेतेस, मी कधी काही म्हटलं का? पण माझ्या मुलीला आता परत पाठव.”