डबीत न मावलेली नथ

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ड्राफ्ट्समन होतो. पंपाचा किंवा यंत्राचा एखादा भाग पोलादात ओतायचा तर आधी तो कागदावर काढावा लागतो, आणि तो मी काढायचो. समोरून, वरून, बाजूने आणि गरज पडली तर मधोमध कापून. याला चित्रकला म्हणत नाहीत. हे मी मुलीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"दिवसभर काढतच असता की आण्णा," ती म्हणाली. "मग कॅसेटचं कव्हर काढायला काय जड जातंय?"

ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजने त्या वर्षी मुलांना गटागटाने एखादी ध्वनिफीत तयार करायला सांगितलं होतं. बाकीच्या गटांनी भावगीतं, भाषणं असले सरळ विषय घेतले. आमच्या मुलीच्या गटाने लग्नात विहिणीला चिडवायची गाणी घेतली. मुलाकडच्या बायका जेवायला बसल्या की मुलीकडच्या बायका त्यांच्या नाकाचा, चालण्याचा आणि खाण्याचा जो उद्धार करतात, ती गाणी. ती म्हणणाऱ्या बायका तिने घरातूनच शोधल्या. माझ्या बायकोची आत्या मुरगूडला असते. आम्ही सगळे तिला आत्तीच म्हणतो. मुरगूड परिसरात आत्ती आणि तिच्या मैत्रिणी लग्नाला येणार म्हटल्यावर मुलाकडचे लोक आधी चौकशी करत, इतका त्यांचा लौकिक.

आत्तीने गाणी दिली, पण अट घालून. मागे कुणी साहेब टेप घेऊन आले होते आणि गाणी भरून घेऊन गेले होते. पुढे कुठल्याशा कार्यक्रमात ती वाजली तेव्हा 'मुरगूडच्या महिला' एवढंच सांगितलं गेलं.

"महिला म्हंजे काय गं?" आत्तीने मुलीला विचारलं होतं. "मला नाव हाय. माझ्या आय-बानं ठेवलंय. सासरचं हाय, माहेरचं हाय, गावासकट हाय. सगळ्याजणींचं सगळं नाव छापणार असशील तर गाते. न्हायतर तुझी टेप तुझ्यापाशी."

मुलीने तिच्या हातावर हात मारून कबूल केलं.

आता घरातली गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर अडलं होतं. मुलीला पुण्याला जाऊन ध्वनिमुद्रणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करायचा होता. बायकोचा विरोध होता, आणि तो पुण्याला नव्हता. तिचं म्हणणं होतं की ही पोरगी एक काम शेवटाला नेत नाही. पुराव्यादाखल तिच्याजवळ एका बाहीचा स्वेटर होता. टायपिंगचा क्लासही मध्येच सुटलेला होता. बायको लोकांचे ब्लाऊज शिवायची आणि ठरल्या दिवशी देणं हा तिचा धर्म होता. शेवटी मी निवाडा दिला. कॉलेजच्या गॅदरिंगला कॅसेटचं प्रकाशन होतं. त्या दिवशी ती ठरल्याप्रमाणे, काही न राहता, लोकांच्या हातात पडली तर पुणे. नाही पडली तर घरी बसून बँकेच्या परीक्षा. दोघींनी मान्य केलं.

मी कव्हरला बसलो. लग्नाची गाणी, म्हणून कळशी काढायचं ठरवलं. चांगली मेहनत घेतली. डावीकडे समोरून दिसणारी कळशी, उजवीकडे तीच मधून कापलेली, पत्र्याची जाडी तिरप्या रेघांनी दाखवलेली.

मुलीने कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "आण्णा, हे पंपाचं कुठलं काम आलंय?"

"कळशी आहे ती."

"मग पाणी बाहेर कुठनं पडतंय त्याचा बाण पण दाखवा की."

बायको मशीनवरून मान न उचलता हसली. मुलगी म्हणाली, विहीण काढा. नाक वर केलेली. मी म्हटलं, माणूस मला जमणार नाही. माणसाला मध्यरेषा असते, पण दोन्ही बाजू तिच्याशी इमान राखत नाहीत. मी एक विहीण काढून दाखवली सुद्धा. ती बघून मुलीने कागद शांतपणे उलटा ठेवला.

मग तीच म्हणाली, "माणूस राहू दे. नुसती नथ काढा. मोठी. नाक पण नको. नथ असली की विहीण आलीच."

हे मात्र बरोबर होतं. नथ म्हणजे वर्तुळंच. मी कंपास घेऊन एकेक मोती काढला आणि खरं सांगायचं तर ती नथ आजही मला माझ्या पंपांइतकीच आवडते. नथ वर, खाली कॅसेटचं नाव, आणि आत दुमडायच्या भागावर सगळ्या गाणाऱ्यांची नावं, माहेर-सासर आणि गावांसह. नावं इतकी लांब झाली की डाव्या काठापासून सुरू करूनही उजवीकडे जेमतेम बोटभर जागा उरली. त्या उरलेल्या जागेत, अगदी उजव्या कडेला, मी बारीक अक्षरांत एक उभी ओळ टाकली: काढणारा, तपासणारा, प्रमाण एकास एक. काढणाराही मीच आणि तपासणाराही मीच, म्हणून माझं नाव दोनदा आलं. ज्या कागदावर काढणाऱ्याचं नाव नाही तो आमच्याकडे कारखान्यात कुणी हातात धरत नाही.

पोस्टरचं काम मी नाकारलं. ते मुलीने सिनेमाची बॅनर रंगवणाऱ्या एका पेंटरकडे दिलं. तो म्हणाला, नथ लांबून दिसत नाही, मला बाई पाहिजे. त्याने बाई रंगवली. दंड असे की तालमीतल्या पोरांनी मान खाली घालावी, डोळे लाल, आणि एक बोट विहिणीवर रोखलेलं. कॉलेजच्या फाटकावर ते लागलं तेव्हा आत्तीला मुद्दाम नेऊन दाखवलं.

आत्ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ही मी व्हय?"

"तशी तुम्हीच की आत्ती," मुलगी घाबरत म्हणाली.

"दंड बघ की हिचं! मी असली असते तर गाणी कशाला म्हणली असती? धरून आपटलाच असता व्याही." मग जरा थांबून, "पर लुगडं झ्याक काढलंय."

आता कार्डं कापण्याची गोष्ट. कव्हरचं हे कार्ड कॅसेटच्या डबीत बसायला हवं तर ते काटेकोर कापलं पाहिजे आणि घडी जागेवर पडली पाहिजे. मी डबीची आतली मापं घेतली, नेहमीसारखं माप घातलेलं रेखाचित्र केलं आणि आमच्या पॅटर्न शॉपच्या मिस्त्रींकडे दिलं. ओतकामाचे लाकडी नमुने करणारे हे मिस्त्री. त्यांचा हात असा की लाकडाला पॉलिश केल्यावर सांधा सापडत नसे. त्यांनी मला कार्डाच्या मापाचा पातळ लाकडाचा फर्मा करून दिला. मी त्यांच्याच बाकावर, त्यांच्याच पट्टीने तो तपासला. माप रेखाचित्राशी तंतोतंत. तो फर्मा ठेवून मी कव्हरचा मूळ कागद आखला, त्यावरून छपाईचा ब्लॉक झाला, आणि त्याच फर्म्यावर प्रेसने दोनशे कार्डं कापून रविवारी संध्याकाळी घरी पाठवली. मंगळवारी गॅदरिंग. मधला सोमवार आम्हा कारखानेवाल्यांच्या सुट्टीचा, आणि तो प्रेसचाही बंदचा दिवस.

सोमवारी सकाळी चहा झाल्यावर आम्ही भरायला बसलो. आत्ती आदल्याच दिवशी मुक्कामाला आली होती. मिस्त्रीही मुद्दाम सायकल मारत आले होते, स्वतःच्या हातचं काम बघायला. मुलीने पहिलं कार्ड घडी घालून डबीत सरकवलं. घडीचं काही अडलं नाही, ती पुढेमागे सरकत होती. पण रुंदीला कार्ड फुगून वर आलं, नथ पोटुशी दिसायला लागली, आणि झाकण मिटेना.

"उलटं घातलंस," मी म्हणालो.

तिने सुलटं घातलं. तेच. दुसरं कार्ड, दुसरी डबी. तेच.

मिस्त्रींनी खिशातून पट्टी काढून कार्डावर ठेवली. "शंभर मिलिमीटर. बराब्बर हाय. डबीच बारकी हाय, सायेब."

मी घरातली माझी स्टीलची पट्टी आणली. एकशे दोन.

"शंभर," मिस्त्री म्हणाले.

"एकशे दोन," मी म्हणालो.

आत्ती दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "लिलाव लागलाय व्हय रं?"

मी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि सगळं लख्ख कळलं. मिस्त्रींची पट्टी पॅटर्न शॉपची होती. ओतलेलं पोलाद थंड होताना शंभराला दोन आकसतं, म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दरवेळी हिशेब नको म्हणून त्यांची पट्टीच तशी मोठी आखलेली असते. तिच्यावरचे शंभर म्हणजे आपले एकशे दोन. आणि मी फर्मा तपासला होता तो त्याच पट्टीने.

"मिस्त्री, अहो हे कागदाचं कार्ड आहे!"

"मग? तुमीच तर ड्रॉइंग दिलासा. ड्रॉइंग आलं की वाढवूनच करायचं असतंय. मला वाटलं, आकसंल की."

"कार्ड काय वितळवून ओतणार होतो का मी?"

"ते मला काय म्हायती, सायेब? वर मटेरियल लिवलं न्हवतासा."

हे खरं होतं. मटेरियलचा रकाना मी रिकामा सोडला होता.

बायकोचं मशीन थांबलं होतं. तिने कपाटाच्या दिशेने एकदा बघितलं. त्या कपाटात एका बाहीचा स्वेटर होता हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मी उपाय सुचवायला लागलो. प्रकाशन आठवडाभर पुढे ढकलावं, नव्याने आखून देतो. नाहीतर प्रेस उद्या सकाळी उघडल्यावर दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर कापून घ्यावं. म्हणजे मध्यरेषा हलणार नाही.

"दोन्हीकडनं न्हाय," मुलगी म्हणाली. ती कार्ड उजेडात धरून बघत होती. "डावीकडनं कापलं तर नावांची पहिली अक्षरं जातात."

"कुनाची?" आत्तीने लगेच विचारलं.

"सगळ्यांची. तुमचं पण."

"मग हात लावायचा न्हाय तिकडं. सांगून ठेवते."

"उजवीकडनंच दोन कापायचे," मुलगी म्हणाली. "आजच. कात्रीनं. गाणाऱ्या एकीच्याही नावाला धक्का लागत नाही."

मी उजवी कड पाहिली. तिथे फक्त एक बारीक उभी ओळ होती.

"नथ मधोमध राहणार नाही मग," मी म्हणालो. "एका बाजूला जरा कमी दिसेल."

"नथ एकाच नाकपुडीला असते आण्णा. कुठं मधोमध असते?"

"आणि काढणाऱ्याचं नाव?"

तिला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण कार्ड तिने खाली ठेवलं नाही. "ते जातंय," ती म्हणाली.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"जावईबापू," आत्ती म्हणाली, "तुमी काय गायलासा व्हय? आनी एवढंच असंल तर उद्या इस्टेजवरनं सांगतो की आमी. 'चित्र काढलंय कोल्हापूरच्या पुरुषांनी.'"

मिस्त्री इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी विचारलं, त्यांचं नाव तर कुठेच नव्हतं, त्यांना काय हसू येतंय. त्यावर ते म्हणाले, "न्हाई तेच बरं झालं म्हनायचं, सायेब."

मी पेन्सिलीने रेघा मारायला बसलो, माझ्या पट्टीने. मिस्त्रींची पट्टी आत्तीने मांडीखाली घेऊन ठेवली होती. घरातली साधी कात्री बोथट होती, तिने कार्डाची कड चावल्यासारखी झाली. मुलीने दुसरं कार्ड घेतलं, तेही तसंच. ब्लेड आणायला कुणाला पाठवावं याचा मी विचार करत होतो.

तेवढ्यात बायको उठली. तिची शिवणकामाची मोठी कात्री मशीनच्या खणात कापडात गुंडाळलेली असे. कागद कापला की कात्रीची धार जाते, म्हणून आमच्या लग्नापासून त्या कात्रीला घरात कुणी हात लावलेला नव्हता. मी एकदा पोस्टाचं पाकीट उघडायला मागितली होती, तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

ती कात्री तिने कापडातून काढली आणि मुलीसमोर ठेवली.

मुलीने माझ्या रेघेवरून एका दमात कार्ड कापलं. माझं नाव दोनदा असलेली बारीक पट्टी जमिनीवर पडली. कार्ड डबीत गेलं आणि झाकण टक्कन मिटलं. आत्तीने ती डबी घेऊन डोळ्यांजवळ नेली आणि आपलं नाव मोठ्याने वाचून घेतलं, माहेरासकट.

"सगळी आजच व्हायला पाहिजेत," बायको म्हणाली आणि मशीनवर परत बसली. मग दोऱ्याचं टोक सुईत ओवता ओवता, वर न बघता, "आणि ती कात्री पुण्याला न्यायची नाही. तुझी तू घ्यायची तिथं."