सागरचं लाल बटण

अकोल्यात सागर इंगोलेचं नाव काढलं की लोक दोन गोष्टी सांगतात. एक, त्याच्यासारखा झेंडूचा हार कोणी गुंफत नाही. दुसरी, त्याने घरी बनवलेल्या मशीनवर मात्र भरवसा ठेवू नये, ऐन वेळी अडकते. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी मी पसरवली. चौघांत बसून नाही पसरवली, फक्त दोन शब्द बोललो होतो. तेवढे पुरले.

सागरच्या घरची फुलशेती हिवरखेडची आणि दुकान अकोल्याला, आमच्याच गल्लीत. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. पेशाने शाळामास्तर, आणि सुट्टीच्या दिवसांत लग्नांतून माईकवर सूत्रसंचालन करतो. माझा आवाज चांगला आहे असं लोक म्हणतात, आणि मी ते खोडून काढत नाही. सागर सकाळी मांडवाला फुलं लावायचा आणि दुपारी त्याच मांडवात डीजे वाजवायचा. त्यामुळे आमची जोडी जमली होती.

त्याच्याकडे एक जुना, कोणाकडून तरी घेतलेला कंट्रोलर होता. पोळपाटाएवढ्या दोन फिरत्या चकत्या आणि खाली नखाएवढी आठ रबरी बटणं. एकेका बटणावर एकेक आवाज भरून ठेवलेला: सनई-चौघडा, तुतारी, फटाके. लहानपणापासून सुतळी ओढून सागरची बोटं अशी जाड झालेली की एक बटण दाबायला जावं तर शेजारचं दबे. एकदा हळदीत त्याने सनईसोबत फटाके लावून दिले आणि नवरदेवाची आजी खुर्चीवरून उठून उभी राहिली.

मग परतवाड्याचं एक व्हिडिओ गेम पार्लर बंद पडल्याचं त्याला कळलं. ती मोठाली कपाटं भंगारात निघाली होती. सागर तिथे गेला आणि त्यातली आठ बटणं उचकटून घेऊन आला. रुपयाहून मोठी, गोल, रंगीत, दाबली की टक वाजणारी.

"घराले लागते ते आणत नाई, अन् खेळणे आणून राहिले," त्याची बायको रूपाली म्हणाली.

"चालत्या गाड्याला खीळ घालू नकोस," मीही म्हणालो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मास्तरला गप्प बसवत नाही.

त्याने कंट्रोलर स्वयंपाकघराच्या फरशीवर उघडला. प्रत्येक रबरी बटणाखाली दोन टोकं असतात. त्या टोकांना केसासारखी बारीक तार कथलाचा डाग देऊन चिकटवायची आणि तिचं दुसरं टोक मोठ्या बटणाला जोडायचं, एवढंच काम. पण ते ह्या जाड बोटांनी करायचं! बटणांसाठी त्याने आधी संत्र्याची पेटी घेतली, ती भोकं पाडतानाच तडकली. मग प्लायवूडची पेटी केली. जोडणी झाल्यावर हिरवं दाबलं की पिवळं वाजायला लागलं, तेव्हा सगळ्या तारा काढून पहिल्यापासून सुरुवात. दोन महिने गेले. मी रोज संध्याकाळी चहाला जायचो आणि टोमणे मारून यायचो.

पेटी तयार झाली त्या दिवशी मात्र मी फटाक्यांचं बटण दहा वेळा दाबलं. हात हटत नव्हता. सागर हसत होता. त्याला इतकं खूश मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. आठवड्याभरात अमरावतीच्या तिघा डीजेवाल्यांनी त्याला विचारलं, आम्हालाही अशी पेटी करून देतोस का? तो हो म्हणाला.

पेटीचं पहिलं लग्न धामणगाव रेल्वे ह्या गावी लागलं. मे महिना, दुपारचा मुहूर्त. नवरी श्रावणी. तिचे वडील उत्तमराव वर्षभरापूर्वी वारले होते. तिची आत्या पार्बताबाई हिने भाचीसाठी मंगलाष्टक रचलं होतं आणि त्यात भावाचं नाव गुंफलं होतं. शाळेत चौथीपर्यंत गेलेली बाई. महिनाभर घरात तेच गुणगुणत होती म्हणे. हे सगळं मला नंतर कळलं. पण आधी कळलं असतं तरी मी वेगळा वागलो असतो का, ह्याची मला खात्री नाही.

आपल्याकडे गुरुजींची मंगलाष्टकं झाली की नातेवाईक माईक धरतात. त्या दिवशी मामा गायले, मावशी गायली, नवरदेवाचा कॉलेजातला मित्र गायला, त्याला तर चालही नव्हती. अक्षता धरून लोकांच्या मुठी घामाने ओल्या झाल्या होत्या. वाढपी पंगतीत पत्रावळी मांडून बसले होते. मी सकाळपासून उपाशी, शिवाय कार्यक्रम वेळेत उरकणारा निवेदक म्हणून माझं नाव. तेवढ्यात पलीकडचा स्पीकर खरखरायला लागला. सागरने पेटी माझ्यापुढे सरकवली.

"मी तार पाहून येतो, मनोजभाऊ. गुरुजीनं हात वर केला का लाल दाबजा. त्याच्याआधी नाई."

लाल म्हणजे वाजंत्री. ती वाजली की अंतरपाट बाजूला होतो, माळा पडतात, लग्न लागतं. मग मंगलाष्टक म्हणता येत नाही. ते कशासाठी म्हणायचं?

मित्राचं "सावधान" झालं. गुरुजींचा हात खालीच होता. स्टेजच्या पायरीवर लुगडं नेसलेली एक म्हातारी वहीचं पान उलगडत चढताना मी पाहिली. नीट पाहिली. आणखी एक, असं मनात म्हणालो, आणि लाल बटण दाबलं.

टक.

चौघडा कडाडला. अंतरपाट धरणाऱ्यांनी तो ओढून घेतला, अक्षतांचा पाऊस पडला, माळा पडल्या. त्या गोंधळात श्रावणी मात्र मान वळवून पायरीकडे बघत होती. "आत्याचं राह्यलं ना," ती म्हणाली. शेजारी मित्राच्या हातातला माईक अजून चालू होता, त्यामुळे ते सगळ्या मांडवाने ऐकलं.

श्रावणीचा भाऊ ईशान माझ्याकडे धावत आला. त्याने अजून काही विचारलंही नव्हतं.

"बटण अडकलं," मी म्हणालो.

वर्गात पोरांना मी दरवर्षी शिकवतो, नाचता येईना अंगण वाकडं. त्या दिवशी अंगण मी वाकडं ठरवलं, आणि ते अंगण दुसऱ्याने दोन महिने खपून सारवलेलं होतं.

सागर तार हातात घेऊन धापा टाकत आला. "घरी बनवलेले डबडे लग्नात आणता काय बे?" ईशान त्याच्या अंगावर गेला. सागरने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पेटीकडे बघत राहिलो. मग तो पार्बताबाईपुढे गेला आणि वाकून तिच्या पायाला हात लावला.

"माह्या मशीननं घात केला, माय."

"मशीनच ते बाप्पा," ती म्हणाली. "त्याले काय समजते." तिने पान घडी करून कमरेला खोचलं. जेवायला मात्र ती बसली नाही. मी बसलो. वाढलेलं सगळं खाल्लं.

परतताना गाडीत सागरने पेटी मांडीवर घेतली होती. नंतर त्याने पेटीची बटणं काढून टाकली. अमरावतीच्या तिघांना नाही म्हणून कळवलं. डीजेची कामंही हळूहळू सोडली. माझं बोलावणं मात्र कमी झालं नाही. ह्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं मी त्याच्या घरचा चहा पीत राहिलो आणि रोज ठरवत राहिलो की उद्या सांगू. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला रोज खवखवत होतं, आणि रोज चहाबरोबर मी ते गिळत होतो.

यंदा आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरलं. मी त्याला म्हटलं, ये, मुलांना तार जोडायला शिकव. हे माझं प्रायश्चित्त असावं, स्वस्तातलं. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची दुपार होती. दुकानात झेंडूचे ढीग पडलेले, तो आणि रूपाली हार गुंफत होते.

"मी नाई येत, भाऊ," तो म्हणाला. "माह्या हातचं अडकते. पोट्ट्यायले चुकीचं काहून शिकवू?"

हे तो कडवटपणे बोलला असता तर मी पुन्हा पळवाट काढली असती. पण आज गुरुवार आहे म्हणावं तसा तो बोलला. मला उभ्या जागी लाज वाटली, इतकी की रूपालीसमोरच मी सांगून टाकलं. बटण अडकलं नव्हतं. मी दाबलं. ती बाई येताना दिसत होती, तरी दाबलं.

रूपालीचा हात थांबला. सागरचा नाही. त्याने सुई झेंडूत खुपसली, फूल ओढून घेतलं, मग दुसरं घेतलं.

"त्या दिवशी घरी आल्यावर पाचशे डाव दाबून पाह्यलं होतं मी," तो म्हणाला. "मोजून. एक डावही अडकलं नाई."

"मग तू कसा काय..."

"मंग म्हटलं, मशीनचं काय खरं. मनोजभाऊ काहून खोटं बोलन?"